पेरूच्या ओळीत मेथी: एकरभर रानात फळं आणि भाजी एकत्र जमतात का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. पुण्यापासून 40-45 किलोमीटरवर 40 गुंठे रान. वर हात-दीड हात मध्यम काळी माती, खाली मुरूम. एक विहीर, ती मे महिन्यात दिवसाला जेमतेम तासभर चालते. घरात राबणारी माणसं दोन. पेरू लावायचा, मधल्या पट्ट्यात भाजी करायची आणि बाग धरेपर्यंत घर भाजीवर चालवायचं, असा बेत. तुम्ही विचारलंय की अंतर किती ठेवू आणि मध्ये कोणती भाजी घेऊ. जाता जाता हेही विचारलंय, की व्हिडिओत एकरी पाच लाख सांगतात ते खरं का.

पाच लाखांचं आधी उरकून टाकतो. एखाद्या वर्षी, एखाद्या रानात, भाव सापडला तर होतातही. त्या वर्षी व्हिडिओ निघतो. पुढच्या वर्षी कोथिंबिरीत रोटर फिरवावा लागला त्याचा निघत नाही. म्हणून मी तुम्हाला उत्पन्नाचा आकडा देणार नाही. पाण्याचे, अंतराचे आणि दिवसांचे आकडे देतो, ते तुमच्याही रानात बऱ्यापैकी लागू पडतील.

मी पुरंदर तालुक्यात असंच मिश्र रान करतो. पेरू, थोडं सीताफळ, बांधावर अंजीर आणि शेवगा, बाकी भाजी. सुरुवातीला मलाही वाटायचं की खरा प्रश्न जागेचा आहे, कोणत्या झाडाखाली काय मावतं एवढाच. जागा मावते हो. मावत नाही ते पाण्याचं वेळापत्रक. फळझाडाला वर्षातून एकदा तहानलेलं ठेवावं लागतं आणि भाजीला एक दिवसही तहानलेलं ठेवून चालत नाही. दोघं एका रानात नांदवायची तर हे भांडण लागवडीआधीच मिटवावं लागतं.

माझं काय झालं ते सांगतो, म्हणजे मुद्दा लक्षात येईल. पहिली बाग लावली तेव्हा ठिबकवर पैसे वाचवायचे म्हणून एकच सबमेन (नळ्यांना पाणी पोचवणारा पाइप), एकच व्हॉल्व्ह. झाडाच्या नळ्या आणि भाजीच्या बेडच्या नळ्या एकत्र चालू, एकत्र बंद. पहिली दोन वर्षं मजेत गेली, कारण झाडं लहान होती. तिसऱ्या वर्षी एप्रिलमध्ये बागेला ताण द्यायचा, म्हणजे सगळी झाडं एकदम फुलावीत म्हणून पाणी तोडायचं ठरवलं. झाडाच्या नळ्यांची टोकं मुडपून टाकली, पण मधल्या पट्ट्यात मेथी आणि भेंडी उभी, त्यांना पाणी चालूच. पेरूची मुळं वरच्या थरात आडवी पळतात, चार-पाच फुटांवरचं पाणी त्यांना सहज सापडतं. मे संपत आला तरी बाग हिरवीगार. बायको म्हणाली, "किती छान दिसतेय!" मीही मान डोलावली. मग नवी फूट निघाली ती तुकड्यातुकड्यानं. एका फांदीला कळी, शेजारच्या फांदीवर सुपारीएवढं फळ, तिसरीवर नुसता पाला. हिवाळ्यात माल आला तो रोज दोन-अडीच क्रेट. तेवढ्यासाठी दिवे घाट उतरून पुण्याच्या मार्केट यार्डात कोण जाणार? गावातच मिळेल त्या भावानं दिला. पट्टी, म्हणजे अडत्याचा हिशोबाचा कागद, बघायची हिंमत नव्हती, कारण पट्टी झालीच नव्हती.

तेव्हा पहिलं काम पाणी मोजायचं. मे महिन्यात, विहीर सगळ्यात खाली असताना, मोटर चालू करून 200 लिटरचं बॅरल भरायला किती सेकंद लागतात ते बघा. मिनिटभर लागलं तर तासाला 12,000 लिटर. आता भाजीचा हिशोब. उन्हाळ्यात उभ्या भाजीला दिवसाला 5 मिलिमीटरच्या आसपास पाणी लागतं. एक गुंठा म्हणजे सुमारे 101 चौरस मीटर, आणि एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर म्हणजे एक लिटर. म्हणजे गुंठ्याला रोज 500 लिटर. दहा गुंठे भाजीला 5,000. फळावर असलेल्या पेरूच्या झाडाला मी उन्हाळ्यात 25 लिटर धरतो. दोनशेच्या आत-बाहेर झाडं असतील तर आणखी 4,500 ते 5,000. बेरीज दहा हजार. तुमचा तास 12,000 लिटरचा असेल तर कागदावर बसतं, पण एखाद्या दिवशी लाइट गेली किंवा झरा आटला की काहीतरी सुकणार. आणि तुमचा तास 8,000 चा निघाला तर बसतच नाही. वारा, ऊन, जमीन यांनी हे आकडे मागेपुढे होतात, पण अंदाज बांधायला पुरेसे आहेत.

इथे बहाराची, म्हणजे वर्षातलं कोणतं फूल धरून फळ घ्यायचं याची, निवड कामाला येते. पेरूला आपल्याकडे तीन बहार धरता येतात: आंबे, मृग आणि हस्त. आंबे बहार धरला तर फेब्रुवारी-मार्चला फूल, म्हणजे सगळा उन्हाळा बागेला भरपूर पाणी हवं, आणि फळ येतं ऐन पावसाळ्यात. ते पाणचट असतं, त्यात फळमाशी सगळ्यात जास्त तेव्हाच. तुमच्या विहिरीला आणि भाजीला दोघांनाही तो नडणार. मृग बहार धरलात तर एप्रिल-मे हा ताणाचा काळ. म्हणजे विहीर खोल गेलेली असताना झाडं पाणी मागतच नाहीत, उलट त्यांना ते द्यायचंच नाही. सगळं पाणी भाजीला मोकळं. मेच्या शेवटी हलकी छाटणी, खत, पहिलं पाणी, मग पाऊस धरतो, जून-जुलैला फूल आणि नोव्हेंबर ते जानेवारी गोड, टिकाऊ माल. कमी पाण्याच्या मिश्र रानात मी दुसरा कोणताही बहार सुचवणार नाही. बारमाही पाणी असणाऱ्याला उत्तर वेगळं देईन.

ताण किती दिवस, हे मात्र जमीन ठरवते. मुरमाड रानात तीन-चार आठवड्यांत पानं पिवळी पडून गळायला लागतात. भारी काळ्या जमिनीत दीड-दोन महिनेही लागतात. कॅलेंडर बघू नका, पानं बघा. आणि पहिली दोन वर्षं ताण द्यायचाच नाही, तेव्हा झाडाला फक्त वाढू द्यायचं.

आता रानाची आखणी. 40 गुंठे सगळे पेरूखाली घालू नका. मी असतो तर 25 गुंठे बाग, 10 गुंठे मोकळा भाजीचा तुकडा, आणि उरलेले 5 गुंठे रस्ता, बांध, शेणखताचा ढीग, माल भरायची शेड यांना. मोकळा तुकडा विहिरीजवळचा घ्या. उन्हाळ्यात भाजी फक्त तिथेच. बागेतले पट्टे मार्च ते मे पूर्ण कोरडे, वर पाचट किंवा गवताचं आच्छादन. "तीन महिने रान पडीक?" असं मनात येईल. पडीक नाही, तो बागेच्या ताणाचा भाग आहे. आणि त्या 10 गुंठ्यांत उन्हाळ्याची कोथिंबीर जमली तर ती पडीक पट्ट्यांची भरपाई करून जाते. मेमध्ये कोथिंबिरीला भाव असतो तो ती उगवायला आणि टिकायला अवघड म्हणूनच. शेडनेटखाली, सकाळ-संध्याकाळ थोडं थोडं पाणी, तरच जमते.

ठिबक दोन व्हॉल्व्हवर. झाडांचा वेगळा, पट्ट्यांचा वेगळा, आणि मोकळ्या तुकड्याचा तिसरा परवडला तर उत्तमच. सुरुवातीला चार पैसे जास्त जातील. माझ्या दोन-अडीच क्रेटची आठवण ठेवा आणि घाला.

अंतराबद्दल. नुसती पेरूची बाग करणारे 12 बाय 8 फुटांवर लावतात, एकरी साडेचारशे झाडं बसतात. ते त्यांच्या जागी बरोबर आहेत. पण तिथे तिसऱ्या वर्षी भाजीला ऊन मिळत नाही, आणि तुम्हाला तर भाजी कायमची हवी आहे. मी ओळीत 8 फूट आणि दोन ओळींत 18 फूट ठेवतो. 25 गुंठे म्हणजे 27,225 चौरस फूट, एका झाडाला 144, म्हणजे 189 झाडं. मोठं झाल्यावर झाड दोन्ही बाजूंना चार-चार फूट घेतं, मध्ये 10 फुटांचा पट्टा उरतो. त्यात चार-चार फुटांचे दोन बेड आणि मधून दोन फुटांची पायवाट. झाडं लहान असताना बेड फूटभर रुंदही करता येतात, पण खोडापासून तीन फूट जागा पहिल्या दिवसापासून मोकळी ठेवा. तिथे एकदा भाजी लावायची सवय लागली की सोडवत नाही. रोटरही त्या तीन फुटांत नेऊ नका. वरवर पळणारी मुळं तुटली की झाड वर्षभर रुसतं.

ओळी दक्षिणोत्तर काढा. उताराची अडचण नसेल तर हा नियम पाळाच. पूर्व-पश्चिम ओळींत हिवाळ्यात सूर्य दक्षिणेला कलतो आणि ओळीच्या उत्तरेचा पट्टा दिवसभर सावलीत राहतो. आपल्या भागात डिसेंबरच्या भर दुपारी 7 फुटांच्या झाडाची सावली सव्वासहा फुटांच्या आसपास पडते, म्हणजे एक बेड पूर्ण गेला. दक्षिणोत्तर ओळीत ती सावली ओळीतल्याच पुढच्या झाडावर पडते, आणि दोन्ही बेडना सकाळ-दुपार वाटून ऊन मिळतं. झाडाची उंची 7 फुटांवर जाऊ द्यायची नाही, हे मात्र दर छाटणीला पाळावं लागतं. उभं राहून हात पोचेल तेवढंच झाड. शिडी लागली की बाग हातची गेली समजा.

आता तुमचा मूळ प्रश्न: मध्ये कोणती भाजी. इथे लोक नफ्याकडे बघून निवडतात, मी मुळांकडे बघून निवडतो. पेरूचा आज सगळ्यात मोठा शत्रू आहे गाठी करणारी सूत्रकृमी. डोळ्यांना न दिसणारी, मातीत राहणारी. झाड हळूहळू निस्तेज होतं, पानं तांबूस-पिवळी, फळ लहान, आणि आपण खत वाढवत बसतो. टोमॅटो, वांगी, भेंडी, काकडी, कारली, दोडका ही सगळी तिची आवडती पिकं. मी पहिल्या बागेत दोन हंगाम टोमॅटो घेतले, कारण रोख पैसा त्यातच होता. दुसऱ्या हंगामाच्या शेवटी टोमॅटोची झाडं उपटून बांधावर टाकत होतो. एक झाड हाताला जरा जड लागलं म्हणून मुळाकडे बघितलं. मूळ कसलं, आल्याच्या गड्ड्यासारखं फुगलेलं, गाठीला गाठ लागलेली. शेजारची दहा झाडं उपटली, सगळ्यांचं तेच. शेवटी पेरूच्या खोडाभोवतीच्या आळ्यात खुरप्यानं उकरलं तर तिथेही सुरुवात झालेली. तेव्हापासून निंबोळी पेंड, जैविक बुरशी, झेंडू, सगळं करतो. आटोक्यात राहते, पण रानातून जात नाही. एकदा आलेली पाहुणी आहे ती.

म्हणून बागेतल्या पट्ट्यात कांदा, लसूण, मेथी, कोथिंबीर, पालक, मुळा, कोबी-फ्लॉवर आणि झेंडू. सूत्रकृमीचं एक चक्र उबदार मातीत साधारण महिन्याभराचं असतं. मेथी 25-30 दिवसांत मुळासकट उपटून बाजारात जाते, किडीला अंडी घालायला सवडच मिळत नाही. टोमॅटो चार-पाच महिने उभा राहतो, तेवढ्यात तिच्या कितीतरी पिढ्या होतात. म्हणजे प्रश्न फक्त पिकाचा नाही, ते मातीत किती दिवस राहतं याचाही आहे. टोमॅटो, भेंडी, वेलवर्गीय भाज्या लावायच्याच तर मोकळ्या 10 गुंठ्यांत, आणि तिथेही जागा बदलत. तिकडचं खुरपं, पॉवर विडर, पाय धुतल्याशिवाय बागेत नेऊ नका. ऐकायला सोवळं वाटेल, पण हे सोवळं पाळा.

वाटाणा आणि घेवड्याबद्दल थोडं थांबून सांगतो, कारण आमच्या पुरंदरात पावसाळी वाटाणा हे नेहमीचं पीक आणि तुम्हालाही कोणीतरी तो सुचवेलच. जमिनीला नत्र मिळतं, दोन-सव्वादोन महिन्यांत रान मोकळं, सगळं खरं. पण यांनाही सूत्रकृमी लागते, आणि गंमत अशी की शेंगवर्गीय मुळांवर चांगल्या गाठीही असतात. दोन्हीत घोळ करू नका. नत्राची गाठ मुळाला बाहेरून चिकटलेली असते, नखानं सहज सुटते, फोडली तर आत गुलाबी. सूत्रकृमीची गाठ म्हणजे मूळच फुगलेलं, ती सुटत नाही, काढायला गेलात तर मूळ तुटतं. पहिल्या वर्षी थोडा वाटाणा लावा, उपटताना वीस-पंचवीस मुळं अशी तपासा. स्वच्छ निघाली तर पुढच्या वर्षीही घ्या. रानाची ही फुकटची तपासणी आहे, तरी माती परीक्षणाला वेगळा नमुना द्याच, विशेषतः चुनखडी किती आहे ते कळायला.

पपईचा मोह होईल. नऊ-दहा महिन्यांत फळ, मध्ये लावली की झाली. पपईला रिंग स्पॉटचा विषाणू येतो, तो मावा ही बारीक कीड पसरवते, आणि तोच विषाणू काकडी-भोपळ्यासारख्या वेलांवरही राहतो. भाजीच्या रानात मावा असणारच. मी दोनदा लावली, दोनदा काढून टाकली. घरच्यासाठी परसात चार झाडं ठेवा, बस.

सीताफळाचा मात्र विचार करा. तुमचं 25 गुंठ्यांचं क्षेत्र सगळं पेरूला न देता सहा-सात गुंठे सीताफळाला दिलेत तर रानाचा तोल बरा राहतो. त्याला पाणी कमी, फवारणी कमी, आणि भाजीच्या दृष्टीनं एक मोठी सोय: हिवाळा सरता सरता ते पान गाळतं. पेरू बारमाही हिरवा, त्याची सावली कायम. सीताफळाखाली जानेवारीपासून ऊन थेट जमिनीवर येतं, उशिरा लावलेला लसूण-कांदा तिथे छान पोसतो. कांदा काढणीला आला की पाणी तोडायचं असतंच, म्हणजे सीताफळाचा ताणही आपोआप सुरू होतो. माझ्या रानात एकमेकांना सगळ्यात कमी त्रास देणारी जोडी हीच. माल ऑगस्टपासून सुरू होतो, पेरूच्या आधी, त्यामुळे दोघांची तोडणी एकमेकांच्या अंगावर येत नाही. अंजीर आमच्याकडचं नावाजलेलं, पुरंदरच्या अंजिराला 2016 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं, पण तुम्हाला दोन माणसांत ते सुचवत नाही. हंगामात रोज पहाटे तोडावं लागतं, दुसऱ्या दिवसापर्यंत थांबत नाही, आणि पावसाळ्यात तांबेरा रोगासाठी फवारण्या. बांधावर पाच-सहा झाडं हौसेला.

फवारणीचं नाव निघालंच आहे तर तेही बोलू. मिश्र रानात हा विषय लोक टाळतात. प्रत्येक औषधाच्या डब्यावर किंवा सोबतच्या पत्रकात लिहिलेलं असतं की शेवटच्या फवारणीनंतर काढणीपर्यंत किती दिवस थांबायचं. पेरूसाठी तुम्ही ते दिवस पाळाल. पण फवाऱ्याचा तुषार खालच्या मेथीवर पडला आणि मेथी परवा काढायची आहे, तर? ती मेथी विकायची नाही, इतकं सरळ आहे ते. एका वर्षी मी मेथीचे दोन बेड असे मातीत घातले. शेजारी म्हणाले, धुऊन टाक की. धुऊन सगळं जात नाही.

म्हणून मी पेरूवरची फवारणी शक्य तितकी टाळतो आणि हातकाम वाढवतो. फळ लिंबाएवढं झालं की फोमची जाळी आणि वर पिशवी. फळमाशी, पोपट, वटवाघूळ, ऊन, सगळ्यांपासून एकदम सुटका, आणि फळाला रंगही एकसारखा येतो. ऑगस्ट-सप्टेंबरचे पंधरा-वीस दिवस यात जातात. दोन माणसांना 189 झाडं झेपतात, साडेचारशे झेपली नसती, हे अंतर वाढवण्याचं आणखी एक कारण. सोबत सापळे लावा, पण एक लक्षात ठेवा: पेरूच्या माशीला मिथाइल युजेनॉलची वासाची वडी लागते आणि काकडी-कारल्याच्या माशीला क्यू ल्यूरची. दोन्ही माशा वेगळ्या. दुकानदार "फळमाशीचा सापळा" म्हणून एकच देतो, आणि शेतकरी म्हणतो सापळे चालत नाहीत. पिठ्या ढेकूण दिसला की ती फांदी कापून जाळायची, मुंग्यांचा बंदोबस्त करायचा. तरीही कधी फवारावं लागलं तर त्या पट्ट्यात पालेभाजी नसेल अशी वेळ शोधतो. यासाठी मी भिंतीवर एक साधं कॅलेंडर ठेवलंय, प्रत्येक पट्ट्याला नंबर, कुठे काय कधी टाकलं, कधी निघणार. सगळ्या पट्ट्यांत एकदम मेथी टाकायची नाही, आठ-दहा दिवसांच्या अंतरानं थोडी थोडी.

तसं केलं म्हणजे बाजाराचंही जमतं. पालेभाजीचा भाव पुण्यात शेकड्यावर निघतो, शंभर जुड्यांचा. पाऊस लागून राहिला की शेकडा आभाळाला भिडतो आणि उघडीप पडली की पंधरा दिवसांत जमिनीवर येतो. तुम्ही एकदम दोन हजार जुड्या घेऊन गेलात तर ज्या दिवशी गेलात त्या दिवसाचं नशीब तुमचं. दोनशे-दोनशे करून दहा वेळा गेलात तर सरासरी पदरात पडते. पण दोनशे जुड्यांसाठी गाडीभाडं परवडत नाही, हेही खरंच. तिथे फळ मदतीला येतं. नोव्हेंबर-डिसेंबरात गाडीत बारा क्रेट पेरू, वर ओल्या गोणपाटात मेथी-कोथिंबीर, कोपऱ्यात कोबीचं पोतं, असा भरणा केला की भाडं सगळ्यांत वाटलं जातं. मिश्र रानाचा खरा फायदा मला इथे दिसला, एकरी उत्पन्नात नाही.

2016 पासून राज्यात फळं-भाजीपाला बाजार समितीच्या आवाराबाहेरही विकता येतो, त्याचा फायदा घ्या. शहरातले शेतकरी आठवडे बाजार, सोसायट्यांच्या दारातली विक्री, यांत नुसती मेथी किंवा नुसते पेरू घेऊन बसलेल्या माणसापेक्षा सहा-सात प्रकार मांडलेल्या माणसाकडे गिऱ्हाईक थांबतं. भाजीला येतं, जाताना किलोभर पेरू नेतं. मात्र अशा विक्रीत घरातलं एक माणूस दिवसभर अडकतं. तुम्ही दोघंच आहात. आठवड्याला एक बाजार, बाकी माल यार्डात, एवढ्यावरच सुरुवात करा. नोव्हेंबरात पेरूची तोडणी आणि कोबीची काढणी एकत्र आली तर आमच्याकडे अजून सावडीनं काम होतं, आज तुझ्या रानात, उद्या माझ्या. तुमच्या गावात ती रीत उरली असेल तर पहिल्याच वर्षी दोन घरांशी जुळवून ठेवा. मजूर ऐन वेळी मिळत नाहीत.

पैशाचा क्रम साधारण असा असतो. पहिली दोन वर्षं बागेत फक्त खर्च. घर चालतं ते पट्ट्यांतल्या आणि मोकळ्या तुकड्यातल्या भाजीवर, आणि तेव्हा ऊनही भरपूर असल्यानं भाजी चांगलीच निघते. तिसऱ्या वर्षी पहिला धरलेला बहार, त्यातून बागेचा वर्षाचा खर्च निघाला तरी खूश व्हा. चौथ्या-पाचव्या वर्षी भाजी कमी होते, कारण पट्टा अरुंद होतो, आणि फळ वाढतं. त्या वळणावर बरेच लोक घाबरून छाटणी थांबवतात, म्हणजे फळ जास्त लागेल. झाडं पसरतात, भाजी संपते, आणि रान नुसती बाग होऊन बसतं, तीही विरळ बाग, कारण अंतर भाजीसाठी ठेवलेलं. दोन्हीकडून तोटा. छाटणीची कात्री हातात ठेवायची तयारी नसेल तर मिश्र रानाच्या नादी न लागता सरळ 12 बाय 8 वर पेरू लावा, त्यातही काही कमीपणा नाही.

फळबागेला सरकारी अनुदान मिळतं, ठिबकलाही. पण अंतराचे निकष योजनेत ठरलेले असतात, 18 बाय 8 त्यात बसतं का हे कृषी विभागाच्या अधिकाऱ्यांना खड्डे खणण्याआधी विचारा. नंतर विचारून उपयोग होत नाही.

रोपं जूनमध्ये लावायची तर आत्तापासून नर्सऱ्या बघायला लागा. सरदार म्हणजे लखनौ-49 ही आपल्या हवेत जमलेली जात. निवड पुण्याच्या गणेशखिंडीतच झालेली, नावात लखनौ असलं तरी. नव्या मोठ्या फळांच्या जाती आल्या आहेत, त्यांना भाव मिळतो तेव्हा चांगला मिळतो, पण पहिल्या बागेला मी सरदारच सांगेन. जातीपेक्षाही रोपाची पिशवी महत्त्वाची. माझ्या दुसऱ्या बागेत सूत्रकृमी टोमॅटोतून नाही, नर्सरीच्या मातीतून आली. रोपं दिसायला टवटवीत, कलमाचा जोड पक्का, मी खुशीत गाडी भरून आणली. आता मी शंभर रोपांमागे चार-पाच पिशव्या तिथेच फाडून, बादलीत मुळं बुडवून, माती धुऊन बघतो. पांढरी, सुतासारखी सरळ मुळं असली तर घेतो. फाडलेल्या रोपांचे पैसे देतो. पैसे देऊनही नर्सरीवाला पिशवी फाडू देत नसेल, तर गाडी रिकामी घेऊन परत फिरा.